दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा : शिक्षा काय, हक्क कोणते, बचाव कोणता?

‘आपल्याकडे दारू हराम आहे. मग दारू पिऊन गाडी चालवण्याचा कायदा आपण कशाला वाचायचा?’ हा विषय काढला की असा प्रश्न हमखास येतो. वरवर पाहता प्रश्न रास्त वाटतो. पण आपल्या मोहल्ल्यातली किती घरे स्टिअरिंगवर चालतात ते एकदा मोजून पाहा. कोणाचा मुलगा रिक्षा चालवतो, कोणाचे शौहर टेम्पोवर आहेत, कोणाचा भाऊ ट्रॅव्हल्सच्या गाडीवर रात्रपाळी करतो. नाकाबंदीला सगळ्यात जास्त वेळा तोंड द्यावे लागते ते यांनाच. दुसरी गोष्ट, समोरून येणारा गाडीवाला पिऊन आला तर मरणारा माणूस कोणत्या घरातला आहे हे गाडी पाहत नाही. आणि तिसरी गोष्ट आपण दबक्या आवाजात बोलतो : काही घरांतली मुले पितात. घरच्यांना ते माहीत असते, पण त्यावर कोणी बोलत नाही.

मग एके रात्री पोलीस ठाण्यातून फोन येतो. अशा वेळी घरे दोन टोकांना जातात. काही ठिकाणी अब्बा म्हणतात, ‘नाव घालवले, पडू दे तिथेच.’ काही ठिकाणी ओळखीचा माणूस शोधून ‘सेटिंग’ची धावपळ सुरू होते. पहिल्या घरात हक्काचा बचावही मिळत नाही, आणि दुसऱ्या घरात एका गुन्ह्याचे दोन-तीन गुन्हे होतात. या दोन्हींच्या मधला तिसरा मार्ग म्हणजे कायद्याने दिलेला प्रामाणिक बचाव. तो समजून घेण्यासाठी आधी कायदा काय सांगतो ते पाहू.

कायद्याचे मोजमाप

मोटार वाहन कायदा १९८८ मधले कलम १८५ या गुन्ह्याचे आहे. गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर गुन्हा होतो. माणूस झोकांड्या खात होता की सरळ उभा होता, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. ‘मला काहीच चढली नव्हती’ हे म्हणणे म्हणून उपयोगाचे नाही. गांजा किंवा अन्य अमली पदार्थांच्या बाबतीत कसोटी वेगळी आहे. तिथे गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता का, हे पाहिले जाते.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढली. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर पकडले गेल्यास २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता.

सिग्नल तोडल्याचे चलन जसे मोबाइलवर भरून मोकळे होता येते, तसे इथे होत नाही. हा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. कोर्टात जावेच लागते. रस्त्यावर ‘दंड भरा आणि जा’ असे कोणी म्हणाले, तर ते पैसे दंडाचे नाहीत हे ओळखावे.

लायसन्सवरही गदा येते. कलम २०६ प्रमाणे पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात. तिथे चालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. त्यानंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिने लायसन्स निलंबित होऊ शकते आणि दुसऱ्या वेळी ते रद्दच होऊ शकते. ज्याची रोजची कमाई गाडीवर आहे त्याच्यासाठी हे तीन महिने दंडाच्या रकमेपेक्षा महाग पडतात. म्हणून आरटीओची नोटीस आली की ती कपाटात ठेवू नये. ठरलेल्या तारखेला हजर राहून लेखी म्हणणे द्यावे.

आणखी एक कलम गाडीमालकांनी लक्षात ठेवावे. कलम १८८ नुसार या गुन्ह्याला प्रोत्साहन देणाऱ्यालाही गुन्हेगाराइतकीच शिक्षा आहे. प्यायलेल्या माणसाला ‘जा रे, काही होत नाही’ म्हणत चालवायला लावणाराही कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो.

पहिले दोन तास

या गुन्ह्यात बहुतेक गोष्टी पहिल्या दोन तासांत ठरतात. त्यामुळे त्या वेळेत काय घडायला हवे, हे चालकाला आणि त्याच्या घरच्यांनाही माहीत असावे.

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला वाजवी संशय आला, तर तो सार्वजनिक ठिकाणी चालकाला यंत्रात फुंकायला सांगू शकतो. हे कलम २०३. यंत्राने मद्यार्क दाखवला, किंवा संशय असताना चालकाने फुंकायला नकार दिला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. ठाण्यात नेल्यावर पुन्हा फुंकण्याची संधी द्यावी लागते. त्यानंतर कलम २०४ प्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेता येतो. आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच नमुना घ्यायचा असतो. चालक जखमी होऊन रुग्णालयात दाखल असेल, तर त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवावे लागते आणि रुग्णाला अपाय होईल असे वाटल्यास डॉक्टर हरकत घेऊ शकतात.

कलम २०२ मधली तरतूद फार महत्त्वाची आहे. या गुन्ह्यासाठी अटक केलेल्या माणसाची अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तशी झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावे लागते. म्हणून अटक किती वाजता झाली आणि डॉक्टरांसमोर किती वाजता नेले, या दोन वेळा लिहून ठेवाव्यात.

‘फुंकायला नाहीच म्हण, पुरावाच राहणार नाही,’ असा सल्ला मित्रमंडळीत सर्रास दिला जातो. हा सल्ला घातक आहे. कलम २०५ प्रमाणे योग्य कारण नसताना तपासणीला दिलेला नकार चालकाच्या विरोधातली परिस्थिती म्हणून धरला जाऊ शकतो. जो प्यायलेला नाही त्याने तर तपासणी आवर्जून करून घ्यावी. बारमधून निघालेले चार प्रवासी मागच्या सीटवर असतील तर टॅक्सीत वास येणारच. तो वास ड्रायव्हरच्या रक्तात नाही, हे तपासणीच सिद्ध करते.

रमज़ानच्या महिन्यात मधुमेह असलेल्या ड्रायव्हर भावांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रक्तातील साखर एकदम उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. बघणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो. अशा वेळी आधी गाडी बाजूला घ्यावी. आजाराचे कार्ड किंवा औषधाची चिठ्ठी खिशात असावी आणि पोलिसांना लगेच सांगून साखर तपासायला लावावी. हा प्रश्न खटल्याच्या आधी जिवाचा आहे.

अटकेचे कारण विचारण्याचा, घरच्यांना कळवण्याचा आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा इथे उपकार नाही, हक्क आहे. जामीनदार मिळत नसेल तर गरीब माणसाला जातमुचलक्यावरही सोडता येते. एक आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असेच कायदा मानतो.

कोर्टात : कबुली की बचाव?

कोर्टाच्या आवारात एखादा माणूस पुढे येतो आणि सांगतो, ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, दहा मिनिटांत मोकळा.’ गुन्हा खरोखर केला असेल आणि पुरावा पक्का असेल, तर कबुली देणे गैर नाही. पण ती समजून-उमजून द्यावी. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंतची कैद याच नोंदीच्या आधारे होऊ शकते. शिवाय कबुली दिली म्हणजे फक्त दंडच होईल असे नाही. कैद द्यायची की दंड, हे न्यायाधीश ठरवतात. कागदपत्रे वाचल्याशिवाय आणि वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नये.

बचाव करायचा ठरले तर वकील साधारणपणे पुढील गोष्टी तपासतात.

पहिली : माणूस खरोखर गाडी चालवत होता किंवा चालवण्याच्या प्रयत्नात होता का? बंद गाडीत मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे.

दुसरी : फुंकण्याचे यंत्र. ते केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे होते का? वेळोवेळी तपासून प्रमाणित केले होते का? निकालाच्या छापील पट्टीवर चालकाचे नाव, तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक आहे का? पट्टीवरची वेळ पंचनाम्यातल्या वेळेशी जुळते का? मद्यार्क असलेले खोकल्याचे औषध किंवा गुळण्यांचे औषध नुकतेच घेतले असेल, तर तोंडात उरलेल्या अंशामुळे आकडा फुगू शकतो. हा अंश साधारण १५ मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून असे काही घेतले असेल तर तिथल्या तिथे सांगावे आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासणी मागावी. मात्र प्यायलेली दारू पंधरा मिनिटांत उतरत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरी : रक्ताचा नमुना. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसली होती का? बाटलीत रक्त टिकवणारे रसायन होते का? सील आणि लेबल नीट होते का? नमुना कोणाच्या ताब्यात, कुठे, किती दिवस राहिला आणि प्रयोगशाळेत कधी पोहोचला?

चौथी : नुसत्या वासावरून खटला उभा आहे का? १९७१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तोंडाला वास येणे, तोल जाणे, बुबुळे मोठी होणे, बोलणे अडखळणे यांवरूनच, रक्त किंवा लघवीची तपासणी नसताना, निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.

‘हे सगळे म्हणजे पळवाटाच ना?’ असे कोणी विचारेल. तसे नाही. पोलिसांनी नियम पाळले का, असे विचारणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. हेच नियम न प्यायलेल्या माणसालाही वाचवतात. खोटे साक्षीदार उभे करणे, गाडी दुसराच चालवत होता असे सांगणे, डॉक्टरला पैसे देणे हा मात्र बचाव नाही. तो नवा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नष्ट करणे शिक्षेस पात्र आहे. लाच देणाऱ्याला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी लाच द्यायला भागच पाडले असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला त्या कायद्याने संरक्षण दिले आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, कोठडीतील व्यक्ती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय पातळीवरचा मदत क्रमांक १५१०० आहे.

कोणाचा जीव गेला तर

इथपर्यंत आपण नाकाबंदीतल्या गुन्ह्याविषयी बोललो. अपघातात माणूस दगावला की प्रकरण पार बदलते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या कृत्याने कोणाचा तरी जीव जाण्याचा संभव आहे, हे माहीत असूनही माणसाने ते केले असे सिद्ध झाल्यास कलम १०५ लागते. हा सदोष मनुष्यवध. त्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत जाऊ शकते.

मुंबईतल्या वांद्र्याची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. ७ जण ठार झाले आणि ८ जखमी झाले. चालक अॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून ६ महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती ३ वर्षांवर नेली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला.

दुसरे प्रकरण २८ सप्टेंबर २००२ च्या रात्रीचे. फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी चढली, एक जण मेला आणि चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खान याला सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये ५ वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. तोच गाडी चालवत होता आणि तो प्यायलेला होता, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही तिथे प्रश्न उभे राहिले. फुटपाथवर मेलेला माणूस दोन्हीकडे गरीबच होता. फरक पडला तो पुराव्याचा. म्हणून जखमींच्या आणि मृताच्या नातेवाइकांनीही ठाण्यात पहिल्याच रात्री विचारावे : चालकाची वैद्यकीय तपासणी झाली का? नमुना घेतला का? नीट ठेवलेला नमुना आरोपीला जितका न्याय देतो, तितकाच पीडितालाही देतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, आणि मुलाच्या नमुन्याच्या जागी आपले रक्त दिल्याच्या आरोपावरून त्याच्या आईलाही अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण एका मुलाचे प्रकरण सगळ्या कुटुंबाचे प्रकरण कसे होते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लहान वयाच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या पालकांसाठी आणि मालकांसाठी कलम १९९-अ आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

अपघातानंतर पळून जाऊ नये. जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ ने चालकाचे कर्तव्यच आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की वेळेवर पोहोचवलेला माणूस वाचू शकतो.

विम्याचा हिशोब

‘गाडीचा विमा आहे ना, कंपनी देईल,’ या भरवशावर राहू नये. प्यायलेल्या चालकाच्या गाडीचे नुकसान कंपनी नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका प्रकरणात असा नकार योग्य ठरवला. रक्ताची तपासणी झालेली नसली, तरी परिस्थिती स्पष्ट असेल तर कंपनी नशेचा मुद्दा मांडू शकते, असेही त्या निकालात म्हटले आहे. ध्यानात घ्या, फौजदारी खटला आणि विम्याचा दावा यांची पुराव्याची फूटपट्टी एकच नाही. खटल्यातून सुटलेला माणूस दाव्यात हरू शकतो. अपघातग्रस्ताच्या भरपाईचा बोजाही शेवटी गाडीमालकावर येण्याची शक्यता असते. मग घर, दागिने, बहिणीच्या निकाहसाठी साठवलेली पुंजी, सगळेच पणाला लागते.

ज्यांच्या घरातला माणूस अशा अपघातात गेला किंवा जखमी झाला, त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. दुःखात आणि धावपळीत ही मुदत निघून जाते.

घरात बोलायची गोष्ट

रात्रीची दारू सकाळपर्यंत उतरतेच असे नाही. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपासच मद्यार्क कमी करते. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री दोनला झोपलेला मुलगा सकाळी सातला स्कूल व्हॅन घेऊन निघाला, तर तो तेव्हाही मर्यादेच्या वर असू शकतो. हे घरात कोणाला कळले असेल तर त्या सकाळी किल्ली देऊ नये. इज़्ज़तीचा विचार करून गप्प बसलेल्या घराने त्या व्हॅनमधल्या दहा मुलांचाही विचार करावा. व्यसन असेल तर ते लपवण्यापेक्षा सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावे.

आणि एवढे करूनही कधी रात्री फोन आलाच, तर तो बहुतेक वेळा आई किंवा बीवीच उचलते. रडण्याआधी तिने चार गोष्टी विचाराव्यात आणि कागदावर लिहून घ्याव्यात : कोणते पोलीस ठाणे? कोणते कलम लावले? अटक किती वाजता आणि डॉक्टरांकडे किती वाजता नेले? रक्ताचा नमुना घेतला का? मग आधी वकिलाला फोन करावा. ‘सेटिंग’वाल्याला नाही.